गुडघा सिमेंटनं खाल्ला नाही

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, सोबतच्या कार्यकर्त्यांना नाही — आणि जिला सगळ्यात आधी सांगायचं, तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखता ते पत्रकांवरून. कॉलेजच्या फाटकाशी, टपरीवर, रिक्षा स्टँडवर तुमच्या हातात कोंबलेली ती गुलाबी-पिवळी कागदं, 'आम्ही विचारतो', 'जाब द्या', 'किती दिवस सहन करायचं?' असली, ती माझी. दुसऱ्याला जाब विचारायची इतकी सवय लागलीय की माझं वाक्य आपोआप प्रश्नचिन्हावर जाऊन थांबतं. आज जाब विचारायला समोर दुसरं कुणी नाही.

कुठून सुरुवात करू? मैदानापासून करते.

आमच्या शहरात उस्मानपुऱ्याकडं एका संस्थेचं बास्केटबॉलचं मैदान आहे. तेव्हा मैदान कसलं — सिमेंटचा कोबा, दोन टोकांना गंजलेले खांब, एका रिंगला जाळी, दुसरीला नाही. तिथं मुनीर सर शिकवायचे. शाळेतून रिटायर झालेले पीटीचे मास्तर. वाक्य मराठीत सुरू करायचे आणि दखनीत संपवायचे. फी विचारली की म्हणायचे, "पहले टाइम पे आना सीखो."

सरांचा एक नियम आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. सरांकडं शिट्टी नव्हती. सरावात फाऊल झाला तर जिनं केला तिनं आपणहून हात वर करायचा. बाकीच्यांनी ओरडायचं नाही, बोट दाखवायचं नाही. हात वर झाला नाही तर सर बॉल मागून घ्यायचे, कडेच्या पायरीवर बसायचे, बॉल मांडीवर ठेवायचे आणि वाट बघायचे. बस्स. रागावणं नाही, काही नाही.

मी बुटकी, चपळ आणि भांडखोर. एकदा रेणुकाच्या बरगडीत कोपर घातलं आणि साळसूदासारखी उभी राहिले. सर बसले. ऊन चढायला लागलं. पोरी एकमेकींकडं बघतायत. "आराम से, बेटी," सर म्हणाले, "मैं बैठा हूँ." शेवटी गेला हात वर. रेणुका बरगडी चोळत म्हणाली, "लई जड हाय का गं हात तुझा, वैशे?"

रेणुका म्हणजे धनगराची पोर, फर्दापूरच्या पलीकडच्या वस्तीवरची. सर रिटायर व्हायच्या वर्षी शाळेची सहल घेऊन लेणी बघायला गेले होते. तिथं स्टँडवर ही काळी-पिवळी जीपच्या टपावरचं गाठोडं जमिनीवर उभ्या-उभ्या उतरवताना दिसली. सहल राहिली बाजूला. सर तिच्या बापाशी बोलत बसले. बापू म्हणाले, "मास्तर, पोरीला ताडमाड केली देवानं, आता नवरा कुठून आणू ही पंचाईत, अन् तुम्ही बॉल घेऊन आलात." पण पाठवली पोरीला. शहरात ती आमच्याच घरी राहिली. आम्ही वेरूळकडचे शेतीवाले, वडील इथं नोकरीला. साध्या गोधडीतून तिचे पाय बाहेर यायचे म्हणून आईनं तिच्यासाठी लांब गोधडी शिवली. ती गोधडी अजून आहे. कुणालाही पुरून उरते.

मी खेळातून चळवळीत गेले. ती खेळातच राहिली. राज्याकडून खेळली, कुण्या एजंटच्या नजरेत भरली आणि पोर्तुगालमधल्या एका लहान गावाच्या क्लबाकडून खेळायला गेली. पगारावर. आमच्या मैदानावरची पोर पगारावर परदेशात खेळते — सरांनी ही बातमी अख्ख्या गल्लीला दोनदा सांगितली. तिथं तिच्या नावातला 'ण' कुणाला जमेना, मग तिनंच सोडून दिला. बास्केट करणं हे तिचं काम नव्हतंच. रिंगखाली उभं राहायचं, उसळलेला बॉल ओढायचा, समोरच्या खेळाडूची वाट अडवायची. "आडवं उभं राहायचे पैसे देतात गं मला," ती फोनवर हसायची, "बापू म्हणतेत, मेंढरं वळणं अन् हे एकच." आणि तिथलं लाकडी फ्लोअर! त्याबद्दल ती किती बोलायची. "पडलं तरी लागत नाय. पडायला मजा येते."

कळतंय मला, मी अजून मुद्द्यावर आलेले नाही. रेणुकाच्या गमती सांगणं सोपं आहे.

दुसऱ्या हंगामाच्या अखेरीला एका दुपारी तिचा फोन आला. आवाज वेगळा. उडी मारून खाली येताना दुसरीच्या पायावर पाय पडला होता आणि गुडघा वळला होता. सूज उतरत नव्हती. उरलेले थोडे सामने ती क्लबाच्या डॉक्टरकडून इंजेक्शन घेऊन खेळत होती. स्पेनमधल्या एका मोठ्या क्लबाशी बोलणं चाललं होतं, जवळपास ठरल्यातच जमा. सुट्टीत उपचार करून घ्यायचे, गुडघा धड झाला की त्यांच्या डॉक्टरांसमोर जायचं, असा तिचा हिशोब. "क्लबाबाहेर फक्त सरांना सांगितलंय अन् तुला. तिसऱ्या कानाला जायला नको. जाणार नाय ना?"

मी म्हणाले, "तुझी शपथ."

त्याच दिवसांत संस्थेनं मैदानावर लग्नाचं लॉन करायचं ठरवलं. आम्ही उठलो. पत्रकं काढली, सह्या घेतल्या. कुणी ढुंकून बघेना. पालकांच्या बैठकीत एक गृहस्थ पाय हलवत म्हणाले, "त्या कोब्यावर खेळून कोण मोठं झालंय हो ताई आजवर?" माझं डोकं फिरलं. मी तशीच छापखान्यात गेले आणि काउंटरवर उभ्यानं लिहिलं —

'या सिमेंटनं आमच्या रेणुकाचा गुडघा खाल्ला. आज ती परदेशात इंजेक्शनं टोचून घेऊन खेळते. उद्या कुणाची पोर? आम्ही विचारतो!'

खाली नेहमीसारखं: 'आपले, समस्त खेळाडू व पालक.'

कॉम्प्युटरवरचा माणूस म्हणाला, "ताई, ही ओळ मोठ्या टायपात घेऊ का?"

घ्या म्हणाले.

आता सांगा — मला शपथ आठवली नाही का? आठवली. लिहिताना आठवली, टाइप मोठा करताना आठवली. तरी घ्या म्हणाले. आणि ते खोटंही होतं. तिचा गुडघा सिमेंटवर गेला नव्हता, ती लाडानं सांगायची त्या लाकडावर गेला होता. मला हे माहीत होतं. पण लाकडावरचा गुडघा माझ्या काय कामाचा? माझं भांडण सिमेंटशी होतं.

ओळ चालली. लोक मैदानावर आले. ज्या बायांनी पोरींना कधी खेळायला पाठवलं नव्हतं त्या पदर खोचून संस्थेच्या दारात बसल्या. लॉन रद्द झालं, नवीन फ्लोअरचं आश्वासन मिळालं. मला हार घातले. आणि पत्रकाचा फोटो या फोनवरून त्या फोनवर फिरत राहिला, आणि कुठूनतरी तिच्या एजंटपर्यंत पोचला. स्पेनच्या क्लबानं आधी गुडघ्याचे रिपोर्ट मागितले. मग फोन घेणं बंद केलं. असलेल्या क्लबाला 'इंजेक्शनं' हा शब्द झोंबला, त्यांनीही पुढचा करार केला नाही. क्लबाच्या खर्चानं व्हायचे ते उपचारही मग राहिले.

तिचा फोन आला. रडत नव्हती. "वैशे, कुणी सांगितलं गं?"

ते पत्रक मीच लिहिलं असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. का आलं नाही? शपथ घेतली होती ना मी. मला एक क्षण मिळाला होता तिथं, चांगला मोठा क्षण. आणि मी म्हणाले, "मला काय माहीत? सर बैठकीला होते. पालकांशी बोलतात ते… भोळे आहेत, जातं तोंडातून."

सर बैठकीला नव्हतेच.

कुणालाही न सांगितलेलं ते हे. गुडघ्याचं पत्रक नाही. ते रागाच्या भरात झालं असं कुणी म्हणेल, मी म्हणणार नाही. हे वाक्य मात्र थंड डोक्यानं निघालं. 'भोळे आहेत' हा शब्दसुद्धा मी निवडून घातला, म्हणजे ते खरं वाटेल.

ती परत आली ती स्टँडवरून थेट मैदानावर. खांद्यावर क्लबाची पिशवी, उजवा पाय किंचित ओढत. सराव चालू होता, मीही होते. ती सरांसमोर उभी राहिली आणि पोरींच्या देखत विचारलं, "सर, गुडघ्याचं इकडं दोघांनाच ठाऊक होतं. तुम्ही बोललात?"

सरांनी तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. पत्रक माझ्या हातचं आहे हे त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. 'आम्ही विचारतो' लिहिणारी मैदानावर दुसरी कोण होती? त्यांनी एका पोरीकडून बॉल मागून घेतला, पायरीवर बसले आणि बॉल मांडीवर ठेवला.

ते वाट बघत होते.

रेणुकाला वाटलं, सर उत्तर टाळतायत. पोरींना काही कळेना. कळत होतं ते फक्त मला आणि त्यांना. माझा हात माझ्या अंगाला चिकटून होता. कुणीतरी खोकलं. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. मी बुटाच्या नाडीकडं बघत होते.

मग सरांनी स्वतःचा हात वर केला.

पूर्ण वर. कोपर सरळ, बोटं जुळलेली, आम्हाला शिकवलं होतं तसा.

रेणुकानं पिशवी सावरली आणि गेली. मी तिच्या मागं गेले. तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला म्हणाले, "जाऊ दे गं, म्हातारा माणूस आहे." हो, हेही म्हणाले.

सर मैदानावर यायचे थांबले. नवीन फ्लोअर झालं, निळं, सिंथेटिक, पाय ठेवला की मऊ लागणारं. नारळ माझ्या हातून फोडला. मी एकदा सरांच्या घरी गेले. सांगायचं ठरवून गेले होते, असं स्वतःला सांगत गेले होते. चाचींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, चहा दिला. सरांनी फ्लोअरची चौकशी केली, बॉल नीट उसळतो का, कडेला पाणी साचतं का. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आले आणि म्हणाले, "आराम से, बेटी. मैं बैठा हूँ."

नंतर मी गेले नाही. मागच्या थंडीत सर वारले. रेणुका त्या दिवशी फर्दापूरला बापूंकडं होती. निरोप मीच दिला. "बरं," म्हणाली. सरांच्या घरी ती गेली नाही. कशासाठी जाईल? तिच्या लेखी त्यांनी हात वर केला होता.

सर असताना मी हे लिहिलं नाही. ते गेल्यावर लिहितेय. हेही लिहून ठेवते.

मी लिहिलेलं हे पहिलंच पत्रक आहे जे छापायच्या आधी मी कुणाला तरी वाचायला देणार आहे. पहिली वाचणारी रेणुका असेल. ती नको म्हणाली तर हे छापलं जाणार नाही. तुमच्यापर्यंत आलं असेल तर तिनं वाचलंय आणि नको म्हणाली नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा कुठला अर्थ काढू नका. आणि त्यानंतर चाचींकडं मी स्वतः जाणार आहे.

रेणुका आता त्याच निळ्या फ्लोअरवर पोरींना शिकवते. उडी मारून दाखवता येत नाही तिला. हातानं खुणा करून सांगते. आणि गळ्यात शिट्टी असते. सरांचा नियम तिनं पहिल्याच दिवशी मोडीत काढला. फाऊल झाला की शिट्टी, नाव, पुढं चला.

परवा एका नव्या पोरीनं, सरांबद्दल घरी मोठ्या बहिणीकडून ऐकलं असेल, विचारलं, "ताई, आपण हात नाय का वर करायचा?" मी कडेच्या पायरीवर होते. रेणुकानं शिट्टी तोंडातून काढली.

"हात वर केला म्हणून गेलेला बॉल परत येतो काय गं?"

नाही येत.

फाऊल सरांचा नव्हता. माझा होता.

— वैशाली