भालेराव साहेब आणि उशिरा तोडलेली द्राक्षं

भालेराव साहेबांना चहा दिला की ते आधी कप नाकाशी नेत, डोळे मिटत, मग डोळे उघडून माझ्याकडे संशयाने बघत आणि मगच घोट घेत. "वहिनी, वेलदोड्याचं दुकान बदललंत." ते खरंच बदललेलं असे. सुरुवातीला मला याचा राग यायचा. दुसऱ्याच्या घरी जाऊन कप हुंगणं ही काय रीत झाली? पण स्वतःच्या घरीही ते तसंच करीत. दूध, तूप, कोथिंबीर, उशीचा नवा अभ्रा, लिफ्टमध्ये चढलेला अनोळखी माणूस, सगळ्यांची तपासणी एकच.

मुलांनो, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. इंदूरच्या विजय नगरातल्या या इमारतीत आम्ही राहायला आलो तेव्हा समोरचं दार त्यांचं होतं. उंच, ताठ, बारीक मिशी, घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट. वडील महूला फौजेत होते, तो ताठपणा तिथला. स्वतः शिष्यवृत्तीवर रसायनशास्त्र शिकले आणि राऊजवळच्या इसेन्सच्या कारखान्यात लागले, ते तिथूनच निवृत्त झाले. मिठाईला, सरबताला, आइस्क्रीमला जो वास असतो, तो तिथे तयार होई. आंब्याशिवाय आंबा, केशराशिवाय केशर. "आयुष्यभर मी लोकांची नाकं फसवली, वहिनी," ते म्हणत. "आता माझं कोण फसवणार?"

यात विनोद कमी आणि दुःख जास्त होतं. वासावरचा त्यांचा विश्वास कारखान्याने काढून घेतला होता, आणि वासामागून माणसांवरचाही गेला. कोपऱ्यावरचा जिलेबीवाला "भिया, एकदम शुद्ध घी" म्हणाला, की हे विचारीत, "इतना जोर देके क्यों बोल रहा है?" पत्नी गेल्यावर आणि मधुमेह मागे लागल्यावर तर हे आणखी वाढलं. कोणी गोड बोललं की त्यांच्या भुवया वर जात. त्यांची एक ठरलेली तक्रार होती: "सगळं चांगलंच सांगतोय. म्हणजे काहीतरी झाकतोय."

अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीने, सुजाताने, जर्मनीहून योनासला आणलं.

सुजाता तिकडे नोकरी करते. योनासच्या घरचे द्राक्षमळे आहेत, नदीकाठच्या उतारावर, आणि वाइन ते स्वतःच करतात. दोघांना लग्न करायचं होतं. पहिल्या दिवशी योनास साहेबांच्या पाया पडला, गराडू, म्हणजे आपले तळलेले कंद, मागून खाल्ले, इंदूर किती स्वच्छ आहे ते सांगितलं, आणि सुजाताच्या आईच्या फोटोला हात जोडले. संध्याकाळी साहेब आमच्याकडे आले. "मुलगा कसा वाटला?" तुमच्या आजोबांनी विचारलं.

"पढ़ाया हुआ है," साहेब म्हणाले. "एक चूक करत नाही. मी नाही ‘हो’ म्हणणार."

दुसऱ्या सकाळी सुजाता माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. "काकू, लग्न तर मी करीनच. पण बाबा आले नाहीत तर तिथे माझ्या बाजूने कोण उभं राहणार? आई नाही. बाबा एकदा नाही म्हणाले ना, तर मग कधीच येणार नाहीत. तुम्ही ओळखता त्यांना." मी ओळखत होते. म्हणून म्हटलं, दुपारी सगळे आमच्याकडे या. स्वतःच्या घरात साहेब न्यायाधीश असत, दुसऱ्याच्या घरात निदान पाहुणे तरी असत.

योनासने वाइनची बाटली आणली होती. उंच, निमुळती, हिरवी. आमच्या घरात आलेली ही पहिलीच. कामाच्या बाईंना दिसू नये म्हणून तुमच्या आजोबांनी ती फ्रिजमध्ये इडलीच्या पिठामागे लपवली, आणि बाईंनी पीठ काढताना तिला हात लावून विचारलं, "दादा, ये शरबत किसका है?"

रंग फिकट सोन्यासारखा होता. साहेबांनी पेला नाकाशी नेला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. मग मराठीत, मला एकटीला ऐकू येईल अशा बेताने म्हणाले, "मध. पिकलेला जर्दाळू. वहिनी, हा मला मधुमेह असताना पाक पाजतोय."

"थोड़ा थोड़ा हिंदी समझता हूँ," योनास नम्रपणे म्हणाला. "पाक क्या है?"

"घ्या," साहेब म्हणाले. "आता बोलायचीही चोरी."

सुजाताने समजावलं. रीसलिंग जातीची ही द्राक्षं. इतरांची तोड झाल्यावरही वेलीवरच ठेवलेली. साखर भरपूर चढते; पण मग रस आंबताना यीस्ट ती जवळजवळ सगळी खाऊन टाकतं. वास उरतो, गोडी उरत नाही. "बाबा, ही कोरडी वाइन आहे. गोड नाहीये."

"नाक गोड सांगतंय, तू गोड नाही म्हणतेस. दोघांपैकी एक खोटं बोलतंय." आणि साहेब उठून समोर गेले. परत आले ते पत्र्याचा डबा घेऊन. त्यात परीक्षानळी, चिमटा आणि निळ्या द्रावणाची बाटली होती. शाळेत तुम्हीही केली असेल ही परीक्षा: निळ्या द्रावणात नमुन्याचे थेंब टाकायचे आणि तापवायचं. साखर पुष्कळ असेल तर रंग विटकरी होतो.

माझ्या गॅसवर, गराडूच्या कढईशेजारी, भालेराव साहेबांनी जावयाची वाइन तापवली. सुजाताने कपाळाला हात लावला. "बाबा, प्लीज! हे काय चाललंय?" योनास मात्र अगदी जवळ येऊन बघत होता. निळं द्रावण बराच वेळ निळंच राहिलं. मग त्यात हिरवट झाक आली आणि तिथेच थांबली.

"थोडी आहे," साहेब नाइलाजाने म्हणाले.

"थोडी असतेच," योनास म्हणाला. "सगळी कधीच जात नाही."

"मग इतका वास आला कुठून? इसेन्स घातलं असणार." साहेबांनी कागदाची पट्टी वाइनमध्ये बुडवून खिडकीच्या कडीला अडकवली. कारखान्यातली ही त्यांची पद्धत होती. त्यांचं म्हणणं असं, की खरे वास हळूहळू बदलत एकमेकांबरोबर निघून जातात. बाहेरून घातलेला एकटा मागे बसून राहतो, बिनबुलाए मेहमानसारखा. तोवर आम्ही गराडू खाल्ले. गरम, वर जिरावणाचा तिखट मसाला आणि लिंबू. मी पेल्यातून चमचाभर वाइन घेतली. तुम्ही हसाल, पण मला ती समजली. नाकाला वाटतं आता मध येणार, आणि जिभेवर येते कैरीची धार. तोंड एकदम स्वच्छ होतं, तेल आणि तिखट दोन्ही निघून जातात, आणि मागे पावसात भिजलेल्या दगडी पाटीसारखं काहीतरी राहतं. मला गोडाची आशा दाखवून ते न देणाऱ्या गोष्टी आवडत नाहीत. ही आवडली. दुसरा चमचा घेतला तेव्हा तुमचे आजोबा "हूं" म्हणाले, तिकडे मी लक्ष दिलं नाही.

साहेबांनी पट्टी पुन्हा हुंगली. मघाचा जर्दाळू आता सालीसारखा झाला होता, मध जवळजवळ गेला होता. कोणीही मागे बसून राहिलं नव्हतं.

"कोणी घातला हा वास?" त्यांनी विचारलं, पण आवाजात जोर नव्हता.

"कोणी नाही," योनास म्हणाला. "थांबल्यामुळे आला."

सुजाताला वाटलं, झालं. मलाही वाटलं. पण साहेबांचा चेहरा आणखीच आवळला. वाइन निर्दोष निघाली होती, मुलगाही निर्दोष होता, आणि निर्दोष मालाचं काय करायचं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. "छान आहे," ते पेला सरकवत म्हणाले. "मला नको." सुजाताचे डोळे भरून आले. ती खिडकीबाहेर बघू लागली.

मग निघता निघता, सवयीने, त्यांनी विचारलं, "इतकं थांबायचं म्हणजे पाऊस येणार, पाखरं येणार. पीक गेलं तर?"

योनासने पेला खाली ठेवला. "एकदा गेलं," तो इंग्रजीवर येऊन म्हणाला. "वडील म्हणत होते, आता तोडू. मी म्हटलं, अजून थांबू. हट्ट केला. आठवडाभर पाऊस लागला आणि सगळा उतार कुजला. माझ्यामुळे. मी तळघरात जाऊन रडलो."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," सुजाता वळून म्हणाली.

"लाज वाटत होती."

"मग पुढच्या वर्षी?" साहेबांनी विचारलं.

"घाबरून लवकर तोडली. वाइन ठीक झाली. कोणाच्याही लक्षात नाही राहिली."

"आणि त्याच्या पुढच्या?"

"पुन्हा थांबलो."

भालेराव साहेब परत खुर्चीवर बसले. सरकवलेला पेला ओढून घेतला आणि, मी पहिल्यांदा पाहिलं, न हुंगता एक घोट घेतला. "खोट निघाली, वहिनी," ते मला म्हणाले. त्यांच्या तोंडावर सुटल्यासारखा भाव होता. "आता बरं वाटलं. नकली मालात कधी खोट नसते. ती आम्ही काढून टाकतो." मग सुजाताकडे न बघता म्हणाले, "तिकीट काढताना खिडकीजवळची जागा बघ माझ्यासाठी."

लग्नाला ते गेले आणि नंतर दर शरदात जाऊ लागले. व्याह्यांना ना हिंदी येत होती ना इंग्रजी, तरी दोघे सकाळी मळ्यात जात. साहेब काठी टेकून उभे राहत, एक द्राक्ष हुंगून तोंडात टाकत, विचार करत आणि व्याह्यांना मान हलवून सांगत, "अभी नहीं." व्याह्यांना तेवढे दोन शब्द समजू लागले होते.

तिसऱ्या शरदात, तोड व्हायच्या आधी, ते तिथेच झोपेत गेले. सुजाताचा फोन आला. पुढचं तिने नंतर कधीतरी सांगितलं. शेजारच्या सगळ्या मळ्यांची तोड उरकली होती, आभाळ भरून येत होतं, आणि योनास वडिलांना विचारायला गेला, आता काढायची का. म्हातारे वेलींच्या रांगेत एकटेच उभे होते. त्यांनी एक द्राक्ष खुडलं, नाकाशी नेलं, आणि मुलाला हिंदीत सांगितलं, "अभी नहीं."