बंडूजींचं फाटक

बंडूजी लांजेवार लग्नानंतर गोंदियाकडून रायपूरला आले आणि उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलच्या फाटकावर चौकीदार लागले. सव्वीस वर्षं तिथंच. रायपूर राजधानी झालं, रस्ते रुंद झाले, बंडूजींचं काम मात्र तेच राहिलं. ट्रक आला की नंबर लिहायचा, ताडपत्री उचलून पाहायची, मग फाटक उघडायचं.

मुलगा गौतम आयटीआय करून कॅमेरे लावण्याच्या धंद्यात पडला. आधी सदर बाजारातली सराफांची दुकानं, मग सरकारी ऑफिसं. बंडूजींनीच मॅनेजरकडे शब्द टाकला आणि मिलचं काम गौतमला मिळालं. सोळा कॅमेरे.

तीन दिवस बापलेक सोबत होते. गौतम पहिला कॅमेरा फाटकाच्या खांबावर बसवायला निघाला तर बंडूजींनी अडवलं.

"इथं नको. सकाळी सूर्य थेट तोंडावर येते. मी टोपी आडवी धरून पाहतो, हा कॅमेरा काय धरन? त्या समोरच्या खांबावर लाव."

भंगारचोर मागची भिंत कुठून चढतात, वजनकाट्यावर ड्रायव्हर कोणत्या बाजूनं नजर चुकवून उतरतो, सगळं त्यांनी दाखवलं. गौतमनं तसे कॅमेरे वळवले. मग लॅपटॉपवर एकेका कॅमेऱ्याला नेटवर्कमधला पत्ता दिला, कॅमेऱ्यासोबत आलेला कंपनीचा पासवर्ड बदलला आणि पडद्यावर फाटकाभोवती एक चौकट आखली. त्या चौकटीत कोणी पाय ठेवला की मॅनेजरच्या मोबाइलवर सूचना जाणार होती.

"बाबा, ज़रा चलके दिखाओ," गौतम म्हणाला. तो घरीही हिंदीतच बोले.

बंडूजी फाटकातून चालले. आत मॅनेजरचा मोबाइल वाजला. ते हसले, अन् परत एकदा चालून आले.

चौथ्या दिवशी मॅनेजरनं गौतमला चहा पाजला. "बढ़िया काम किया. अब गेट पर तीन आदमी नहीं चाहिए, एक काफी है. जो सबसे जवान है, उसको रखेंगे."

"सर, बंडूजी मेरे पिताजी हैं."

"मालूम है. इसीलिए तुमको पहले बता रहा हूँ."

गौतमला घरी सांगवलं नाही. महिनाअखेरीस बंडूजींच्या हातात चिठ्ठी पडली. ते भरदुपारी घरी आले तेव्हा बायको इंदूनं विचारलं, "काहून लवकर आले?"

"आता फाटक तुहा पोट्टा पाहून राहिला," ते म्हणाले.

संध्याकाळी गौतम त्यांच्याजवळ बसला. "बाबा, लगाने से पहले पता होता तो मैं..."

"तर काय? दुसऱ्यानं लावले असते. वाकडे लावले असते."

पुढं बंडूजी रोज सकाळी डबा घेऊन निघत. चौबे कॉलनीत काम शोधतो, म्हणत. दोन महिन्यांनी मिलमधून तक्रार आली की फाटकाचा कॅमेरा धूसर दिसतो. गौतमनं आपल्या दुकानात बसून तो लॅपटॉपवर उघडला. काचेवर धूळ होती. धुळीपलीकडे, रस्त्याच्या कडेला, पानठेल्याजवळच्या दगडावर बंडूजी बसले होते. मांडीवर डबा. ट्रक वळला की ते अर्धवट उठत आणि पुन्हा बसत. गौतमनं मागच्या दिवसांचं रेकॉर्डिंग काढलं. रोज तीच जागा.

तो मोटरसायकल काढून गेला.

"तू इथं? तुले कसं कळलं?" बंडूजींनी विचारलं.

गौतमनं वर खांबाकडे पाहिलं. बंडूजींनीही पाहिलं. मग डबा उचलून ते गाडीवर बसले.

त्यानंतर ते उरल्याला गेले नाहीत. गौतमनं एका अपार्टमेंटमध्ये काम लावून दिलं, ते चार दिवसांत सोडलं. दुसऱ्या हिवाळ्यात दमा वाढला. पंधरा दिवस दवाखान्यात काढून बंडूजी गेले.

गौतम अजून कॅमेरे लावतो. नवं गिऱ्हाईक आलं की आधी विचारतो, गेटवर माणसं किती आहेत? काहींना राग येतो. विचारून तो करणार काय, हे त्यालाही सांगता येत नाही. काम तर तो घेतोच.