बसून शिकलेला ढोल

भांडगावच्या फाट्यावर एसटी थांबली, तेव्हा माझ्या हातात पत्र्याची पेटी होती, खांद्यावर वळकटी होती आणि आबा, म्हणजे माझे वडील, कंडक्टरला थांबवून मला दम देत होते. "जत्रंपत्तूर हात चालू ठेव. ढोलाची तुझी जागा मी धरून ठिवतो. पर हात आखडला तर बाळ्याला उभा करीन, मग रडू नगं." बाळ्या माझा चुलतभाऊ. मला निरोप द्यायला आलेल्यांत सगळ्यात खुशीत तोच होता.

आमच्या घरातली मेंढरं गेली, शेती आली, पण ढोल राहिला. तो गळ्यात अडकवायचा, एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला पंजा, आणि वाजवता वाजवता रिंगणात नाचायचं. ढोल देवाचा, त्यामुळे तो देवळातच राहिला. मी शिरूरला नेला तो फक्त आबांचा धाक.

रांजणगावच्या कंपनीत काम, शिरूरला खोली. सराव वळकटीवर. कंपनीत नवा नवा लागलेला, म्हणून ढोलाचंही टार्गेट ठरवलं. भिंतीवर कागद चिकटवला. रोज शंभर ठेके, पुढे टिक. पंधरा दिवसांत वळकटीतला कापूस बाहेर आला आणि मी न वाजवताच टिक करू लागलो. क्वालिटी चेक करणाराही मीच!

एकदा सकाळच्या कंपनी बसमध्ये जेवणाच्या डब्यावर सहज बोटं पडली. शेजारी बसणारा बिहारचा वेल्डर रामसेवक चावीनं सीटच्या दांड्यावर साथ देऊ लागला. मी लाजून थांबलो, तर म्हणतो, "अरे भैया, रुक काहे गए? नींद खुल रही थी!" झालं. रोज तो मला ठेक्यात अडवायचा, मी निसटायचो. भिंतीवरचा कागद कधी गळून पडला कळलंही नाही. रविवारी सुट्टी असल्याचं वाईट वाटणारा त्या कंपनीत मी एकटाच असेन.

जत्रेला कॉलर ताठ करून गेलो. पहिले ठोके असे पडले, की आबांनी मिशीवरून हात फिरवला. मग रिंगण हललं. मी पाऊल उचललं आणि हात थांबला. हात चालू केला, तर पाय थांबले. वर्षभर बुडाखाली सीट ठेवून वाजवलेलं! मागचा माझ्यावर आदळला, त्याच्यावर त्याच्या मागचा.

"आरं, खुर्ची आणू का?" बाळ्या ओरडला. अख्खं रिंगण हसलं. आबांनी माझ्या गळ्यातला ढोल काढून त्याच्या गळ्यात घातला. "बसून वाजवायचा ढोल तुझ्या कंपनीत आसंल. हितं न्हाई. फुडल्या सालाला बघू."

आता डब्याला हात लावायचा नाही, असं ठरवून शिरूरला आलो. सोमवारी पाळलं. मंगळवारी बोटं शिवशिवायला लागली. जागा गेली, धाक गेला, टिक करायला कागदही नाही, तरी वाजवावंसं वाटतंय! मग डबा गमछ्यानं गळ्यात बांधला आणि बसच्या मधल्या वाटेत उभा राहिलो. वर्षात दोनदा वाजवता वाजवता सुपरवायझरच्या मांडीवर बसलो, पण पाय शिकले. खड्डा आला की गुडघा मोडायचा, ब्रेक लागला की डावीकडं झुकायचं, ठेका सोडायचा नाही.

पुढच्या जत्रेत आबांनी ढोल माझ्या गळ्यात घातला, तो शेवटपर्यंत उतरला नाही. फक्त दर फेरीला मी डावीकडं एक हिसका खात होतो. मैदान सपाट, तरी ब्रेक!

"ह्ये कुठलं पाऊल रं?" आबांनी विचारलं.

"रांजणगावचं."

"पुन्ना कर."

तिसऱ्या फेरीला बाळ्यानंच ते उचललं.

आता माझं बिऱ्हाड कायमचं शिरूरला आहे. माझ्यासारखे बाहेर पडलेले तुम्ही, तुम्हाला माहीत असेल, गावाकडं गेलं की आपलीच माणसं आपल्याला पाहुण्यासारखा चहा देतात. जत्रेत मात्र मला तसं वाटत नाही. ज्या बसमध्ये गावातलं कुणी कधी चढलं नाही, तिचा हिसका आमचं सगळं रिंगण एकदम खातं, आणि मी घरी पोचतो. गेल्या जत्रेत बाळ्याची लेक कमरेवर हात ठेवून माझ्यापुढं उभी राहिली. म्हणाली, "काका, वाजवताय ब्येस, पर तुमचा ब्रेक उशिरा लागतोय. आमच्या पप्पांचं बघून शिका."