व्याह्यांच्या मोटारीत माझी चार वजनं

माझ्या व्याह्यांनी मोटार केली. घेतली नाही; घेणारे पुष्कळ आहेत. केली!

निवृत्त माणसानं काय करावं? सकाळी फिरावं, गुडघ्याला तेल चोळावं, चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरावं. पण आमचे सुरेशराव पडले इंजिनियर. त्यांनी खोकी भरभरून सुटे भाग मागवले. नळ्यांचा सांगाडा, फायबरचं अंग, जुन्या छोट्या गाडीचं इंजिन, आणि कुठला नट कुठं बसवायचा ते सांगणारं एक जाड पुस्तक. जुळे सोलापुरातल्या बंगल्याखाली पार्किंगमध्ये सगळा पसारा मांडला आणि जोडणीला एक मदतनीस धरला. तो मदतनीस कोण? माझा मुलगा!

महेश माझा एकुलता एक. त्यांच्या पल्लवीशी लग्न झालं तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं, की पोरगी आपल्या घरात आली खरी, पण पोरगा तिकडं गेला. मला दादा म्हणतो, त्यांना पप्पा. चालतंय. पण पप्पांशी तास तास बोलणं आणि माझ्याशी तीन प्रश्न!

"दादा, गोळी घेतली का?"

"घेतली."

"जेवला का?"

"जेवलो."

"काय पायजे का?"

"न्हाय."

झालं बोलणं. मागच्या वर्षी माझी कमळ गेली तोवर रविवार माझा होता. ती मटणाला फोडणी द्यायची आणि महेश वासावर यायचा. ती गेल्यावर मी स्वतः करून बघितलं. पहिल्या रविवारी मीठ दोनदा पडलं, दुसऱ्या रविवारी पडलंच नाही, तिसऱ्या रविवारी महेश म्हणाला, "दादा, आज पप्पांकडं सस्पेन्शन बसवायचंय." मी म्हटलं, जा बाबा, बसव.

(सस्पेन्शन म्हणजे काय ते मला माहीत होतं. उगाच कुणी अडाणी समजू नये. शिक्षण चौथी असलं तरी छत्तीस वर्षं मी यंत्रमागावर जॉबर होतो. माग बिघडला की मालक आधी देवाला नाही, मला हाक मारायचा.)

शेवटी मीही दर रविवारी तिकडं जायला लागलो. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं, विहीणबाईंच्या हातचा चहा प्यायचा आणि जळायचं. गाडी तयार झाली तशी मी आणखी जळलो. पिवळीधमक, बुटकी, आणि वजनाला इतकी हलकी की नवी पेठेत दुकानापुढं लावली असती तर हमालानं उचलून आत ठेवली असती!

आणि तिथंच घोडं अडलं. सुरेशरावांच्या एका मित्राची गावाबाहेर प्लॉटिंगची जागा होती. रस्ते झालेले, घरं एकही नाही. गाडीला नंबर नसल्यामुळं टेम्पोत घालून तिथं न्यायची आणि तिथंच चालवायची. साठपर्यंत गाडी शहाण्यासारखी जायची. ऐंशीच्या पुढं काटा गेला की मागचं बूड डुलायला लागायचं, स्टिअरिंग हातात नुसतं पोहायचं. पहिल्या दिवशी महेश उतरला तेव्हा त्याचा चेहरा खडूसारखा पांढरा. मला वाईट वाटलं. (सुरेशरावांचा चेहराही पडला होता. तेवढं मात्र बरं वाटलं!)

त्या दिवसापासून पार्किंगमध्ये एकच जप सुरू झाला. हाय स्पीड स्टॅबिलिटी! चहाच्या आधी स्टॅबिलिटी, चहानंतर स्टॅबिलिटी. टायरमधली हवा कमी केली, जास्त केली. स्प्रिंगा आवळल्या, गाडी आणखी खाली आणली. शेवटी मागच्या बाजूला एक पंख बसवला, कपडे वाळत घालायच्या फळीएवढा. वारा म्हणे त्याच्यावर दाब देतो.

मी खुर्चीवरून म्हटलं, "सुरेशराव, वजन टाका की मागं. हलकी हाय म्हणून नाचतीय."

ते चष्मा वर करून म्हणाले, "अंबादासराव, ही लाइटवेट गाडी आहे! ग्राम ग्राम वजन वाचवलंय आम्ही!"

आणि ते हसले. हसू देत. पण महेशही त्यांच्याकडं बघून हसला! बाप बोलतोय आणि पोरगा सासऱ्याच्या डोळ्यात बघून हसतोय. घरी आलो, भाकरी गिळवेना. म्हटलं, अंबादास, आता दाखवायचंच.

आमचा कारखाना बंद पडला तेव्हा मी आठवण म्हणून चार वजनं घरी आणली होती. मागावर सुताचा जाड रूळ असतो, त्याला बीम म्हणतात. तो सैल सुटू नये म्हणून त्याला ही ओतीव लोखंडाची, म्हणजे बिडाची वजनं टांगतात. एकेक दहा किलोचं. (लोक घड्याळ आणतात, मी बीड आणलं.) पुढच्या रविवारी ती पोत्यात घालून रिक्षानं निघालो. रिक्षावाला म्हणाला, "चाचा, इसमें क्या है? मुर्दा?" म्हटलं, "चल रे बाबा, व्याह्याला आहेर हाय!"

जेवणं झाली. दुपारी सोलापुरात कुत्रंसुद्धा झोपतं, तिथं व्याही काय! महेशही दिवाणावर आडवा. मी खाली उतरलो, सीटमागची पाटी उचलली आणि चारी वजनं पार मागं, शेपटाकडं ठेवली. पण खडखडली तर चोरी पकडली जाणार! म्हणून घरून कमळचं एक जुनं हिरवं लुगडं आणलं होतं. ते सगळ्यांभोवती गच्च गुंडाळलं, जॉबरची गाठ मारली. घामानं न्हालो, पण वर येऊन असा बसलो, जसा काही पेपर वाचतोय. (पेपर उलटा होता. विहीणबाईंनी येऊन सरळ केला.)

चार वाजता सगळी वरात प्लॉटिंगवर. महेशनं हेल्मेट घातलं तसा मी पुढं झालो.

"मलापण एक दे."

"दादा, तुमी कुटं बसताय?"

"तुझ्या शेजारी."

"कमरेचं काय तुमच्या?"

"कमर माझी हाय, तुझ्या पप्पांची न्हाय!"

आत बसायचं म्हणजे आधी एक पाय, मग देवाचं नाव, मग दुसरा पाय. तेवढं झाल्यावर पट्टे आवळले. गाडी निघाली. महेश म्हणाला, "आज मागून जड का लागतीय?"

"मी बसलोय की!"

"तुमी पुढं बसलाय."

मी रस्त्याकडं बघायला लागलो.

चाळीस, पन्नास, साठ. गाडी रस्त्याला अशी चिकटलेली की माझी छाती फुगली. आता पोरगा विचारणार, दादा हे कसं झालं? मी जरा भाव खाणार, मग सांगणार. तेवढ्यात महेश ओरडला, "बघा दादा! पप्पांचा पंख! कसली धरून ठेवलीय गाडी!"

पंख! वजनं माझी, घाम माझा, लुगडं माझ्या बायकोचं, आणि श्रेय त्या फळीला! माझ्या डोक्यात जाळ झाला.

"पंख कसला घेऊन बसलास! वाढव की जरा!"

"नको दादा."

"वाढव म्हणतो ना! का पप्पांना इचारून वाढवणार?"

त्यानं वाढवली. ऐंशी गेले, पंच्याऐंशी आले, आणि गाडीचं नाक एकदम हलकं झालं. महेश स्टिअरिंग फिरवतोय, नाक ऐकेना. मागचं बूड म्हणालं, मी आधी जातो! मग आम्ही फिरायला लागलो. मला पाण्याची टाकी दिसली, मग व्याही दिसले, परत टाकी, परत व्याही. दुसऱ्यांदा दिसले तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला होता. मग काहीच दिसेना, कारण आम्ही शेजारच्या शेतातल्या कडब्याच्या गंजीत उलटे, बुडाकडून घुसलो होतो.

सगळं गप्प झालं. मग महेशचा आवाज. "दादा! दादा, लागलं का? दादा, बोला की!"

मला बोलायचं होतं. पण तोंडात कडबा होता.

त्यानं मला ओढून बाहेर काढलं. हात बघितले, पाय बघितले, मान इकडं तिकडं करून बघितली. एका पायात चप्पल घालून सुरेशराव धावत आले. मागून पाण्याची बाटली घेऊन विहीणबाई, आणि बांधावरून शेतकरी ओरडतोय, "ओ! माज्या गंजीत मोटार कुनी घातली?"

आणि रस्त्यापासून गंजीपर्यंत, नऊच्या नऊ वार, कमळचं हिरवं लुगडं उलगडलेलं! सीटमागची पाटी उडाली होती, गाठ सुटली होती. (छत्तीस वर्षांत पहिल्यांदा.) एक वजन रस्त्यावर, एक बांधावर, दोन अजून आत.

सुरेशरावांनी त्यातलं एक दोन्ही हातांनी उचललं. "हे काय आहे?"

"बीमचं वजन."

"माझ्या गाडीत कसं आलं?"

विहीणबाई म्हणाल्या, "अहो, चालत आलं असेल! बघा की त्यांच्या तोंडाकडं!"

महेश लुगड्याकडं गेला. एक टोक उचललं आणि उभाच राहिला. "हे आईचं हाय."

"पायपुसण्याला काढलं होतं तिनंच," मी म्हटलं.

तो लुगडं गोळा करायला लागला. एकेक कुसळ काढत, घडी घालत. मग ती घडी मांडीवर घेऊन माझ्याजवळ कडब्यावर बसला.

"का केलं, दादा?"

खोटं सुचेना. "तू हसलास. मी वजन टाका म्हटलं, तर तू त्यांच्याकडं बघून हसलास."

"एवढ्यासाठी? दादा, मेलो असतो की आपण दोघं!"

"व्हय."

"आई असती तर तुमाला घरात घेतलं नसतं."

"आई असती तर मी त्या पार्किंगमधी कशाला येऊन बसलो असतो रे!"

त्यावर तो बराच वेळ लुगड्याच्या काठावरून बोट फिरवत राहिला. आणि मग त्यानं मला चौथा प्रश्न विचारला. माझ्या कामाबद्दलचा, अख्ख्या वर्षातला पहिला!

"दादा, कारखान्यात माग नाचायला लागला की तुमी काय करायचा?"

मी तोंड उघडलं. छत्तीस वर्षांचं काम, डोळे झाकून सांगतो. "आधी पाय बघायचे. चारी पाय एका रेषेत हायत का बघायचं, दोरा ताणून. एकजरी वाकडा असला तरी माग नाचतो. वजनाचं शेवटी."

"मग हितं आधी वजन का टाकलं?"

आता काय सांगू? वजनं घरात होती म्हणून! रागात मी माझंच काम विसरलो होतो.

सुरेशराव मात्र ताठ झाले. "दोरा कुठाय?" विहीणबाईंच्या पिशवीत गोधडी शिवायचा दोरा निघाला. गाडी कडब्यातून ओढून सपाट जागेवर आणली. मी गाडीच्या दोन्ही बाजूंनी दोरा ताणला, महेशनं एक टोक धरलं, मी एक. खाली बसून एका डोळ्यानं बघितलं. मागचं डावं चाक बाहेर बघत होतं! पुढची कड दोऱ्याला टेकायला आलेली, मागची कड बोटभर आत.

मीच घाबरून म्हटलं, "आपटून वाकलं आसंल."

सुरेशराव आडवे झाले, नटावर बॅटरी मारली. मग म्हणाले, "नाही. नट आवळून झाला की मी त्याच्यावर पांढऱ्या रंगाची खूण करतो. ती जशीच्या तशी आहे. हे मीच वाकडं बसवलंय. पुढची चाकं दहादा मोजली, मागची एकदाही नाही."

अशी कबुली मी जन्मात कधी दिली नसती! तिथंच चाक सरळ केलं. महेशनं एकट्यानं गाडी नेली. नव्वदला काठीसारखी सरळ गेली.

पुढच्या महिन्यात त्याच जागेवर सुरेशरावांच्या कॉलनीतल्या लोकांची हुरडा पार्टी झाली. शेंगाचटणी, गूळ, आणि मधोमध पिवळी गाडी. सुरेशराव उभे राहिले आणि सगळ्यांना म्हणाले, "हिचा दोष आमच्या अंबादासरावांनी शोधला. एका दोऱ्यानं!" वजनांबद्दल एक अक्षर नाही. कडब्याबद्दलही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मिशीवरून हात फिरवला.

तेवढ्यात शेजारची बाई म्हणाली, "किती मोठं मन हो सुरेशरावांचं! नाहीतर कोण कबूल करतं?" दुसरा म्हणाला, "खरंय!" आणि माझा महेश, माझा पोटचा पोरगा, म्हणाला, "पप्पा तसेच हायत."

म्हणजे दोष मी शोधला आणि कौतुक परत त्यांचंच! पण म्हटलं, अंबादास, आता तूही मन मोठं कर. आयुष्यात एकदा तरी चारचौघांत या माणसाचं भलं बोल. उठलो, हुरड्याचे हात धोतराला पुसले, घसा खाकरला.

"मंडळी, आमचे व्याही खरंच लई मोठ्या मनाचे हायत," मी म्हटलं. इथं थांबायचं होतं. जीभ थांबली नाही. "फकस्त मापात जरा कच्चे!"

(अजून बरंच बोलायचं होतं. महेशनं खांद्याला धरून खाली बसवलं आणि तोंडात गुळाचा खडा घातला.)