भिंगबाईंची फरशी

कापडगिरणीत ती भिंग घेऊन कापड तपासायची, म्हणून सगळे तिला भिंगबाई म्हणायचे. काचेच्या टेबलाखाली दिवे लावलेले असत आणि त्यावरून कापडाचं ठाण सावकाश सरकत जाई. तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग, कुठे रंग जरासा फिका पडलेला. दिसलं की भिंगबाई खडूची खूण करून मोकळी. शेजारच्या टेबलावरच्या बायका गप्पा मारता मारता काम करायच्या. हिची मान कधी वर झाली नाही. तिच्या हाताखालून गेलेलं कापड परत आलं, असं गिरणीत कुणालाच आठवत नव्हतं.

नोकरी संपली, पण नजर थोडीच निवृत्त होते! वाण्याकडचं तांदळाचं पोतं, शिंप्याने घातलेली शिवण, शेजारणीने रंगवलेला दरवाजा, सगळ्यावरून तिचे डोळे फिरायचे आणि नको तिथे अडायचे. बोलून दाखवायची सवय मात्र तिने कष्टाने मोडली होती. नवरा म्हणायचा, "बोलू नकोस, पण निदान बघू तरी नकोस. तुझ्या बघण्यानेच माणसाला घाम फुटतो."

नवरा अगदी दुसऱ्या टोकाचा. जन्मभर बस चालवली. शर्टाचं बटण तुटलेलं असलं तरी त्याचं त्याला सोयरसुतक नसे. पाहुणे आले की त्याचा ठरलेला विनोद असायचा, "हिच्या एवढ्या वर्षांच्या तपासणीतून एकच खराब माल सुटला. तो तुमच्यासमोर बसलाय." पाहुणे हसायचे. ती कपबश्या उचलत म्हणायची, "तेव्हा भिंग नव्हतं ना माझ्याकडे." संसार असा चालला होता, आणि बरा चालला होता.

एका सकाळी तो दाढी करत होता. न्हाणीघरातून पाण्याचा मग पडल्याचा आवाज आला म्हणून ती धावली, तर तो भिंतीला टेकून खाली बसलेला. अर्ध्या गालावर साबणाचा फेस, आणि दुसऱ्या बाजूने तोंड असं ओघळलेलं, की तिला क्षणभर तो दुसराच कुणीतरी वाटला.

दवाखान्यातून जीव वाचून बाहेर आला, पण उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं तुकड्यातुकड्यात आलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यापुढे चाकाची खुर्ची. व्यायाम घेणारी मुलगी घर बघून गेली. म्हणाली, "काकू, हे उंबरे काढावे लागतील. न्हाणीघराची फरशी गुळगुळीत आहे, ती बदला. खुर्ची एका खोलीतून दुसरीत सरळ गेली पाहिजे."

मग घर फोडायचं ठरलं. तोवर नवऱ्याला ठेवलं त्याच्या थोरल्या बहिणीकडे. तिचं घर बसच्या दोन थांब्यांवर होतं, तळमजल्यावर, रुंद दारांचं. एकटीच राहायची ती. तोंडाने फटकळ, पण भावावर जीव. "माझ्याकडे राहू दे हवा तितका," ती म्हणाली, "तू आधी घर नीट कर." नवऱ्याने मात्र खुर्चीत बसल्या बसल्या डाव्या हाताने बायकोचा हात धरला आणि एकच शब्द काढला. "घरी."

"नेते ना," ती म्हणाली. "घर झालं की लगेच नेते."

ज्या मिस्त्रीला काम दिलं तो चाळिशीचा, काटकुळा आणि भलताच चपळ होता. उंबरे उखडले, जुन्या लाद्या फोडल्या, मलबा बाहेर गेला आणि बघता बघता नवीन मोठ्या फरश्या खोल्यांमधून पसरत गेल्या. दारापासून न्हाणीघरापर्यंत सगळं एका पातळीत. भिंगबाई डोळ्यात तेल घालून बघत होती. सांधे सरळ होते. कुठे कड वर आलेली नव्हती. न्हाणीघरात तिने बादलीभर पाणी ओतून पाहिलं, ते मुकाट जाळीकडे गेलं. बोट ठेवायला जागा नव्हती.

नवऱ्याला आणायच्या आदल्या दिवशी तिने भाड्याने आणलेली चाकाची खुर्ची रिकामीच ढकलून पाहिली. दारातून बाहेरच्या खोलीत, तिथून झोपायच्या खोलीत. आणि तिचे पाय थबकले. चाकांचा आवाज बदलत होता. थोडा वेळ घट्ट, मग एकदम डबडब. पुन्हा घट्ट, पुन्हा डबडब.

डोळ्यांना जे दिसलं नव्हतं ते कानांनी पकडलं. तिने स्वयंपाकघरातला लाकडी डाव आणला आणि गुडघ्यांवर बसून त्याच्या दांड्याने एकेक फरशी ठोकून पाहिली. भरीव फरशी 'टक' म्हणायची. पोकळ फरशी रिकाम्या डब्यासारखी बोलायची. जिथे पोकळ वाजलं तिथे तिने खडूने फुली मारली. उठून उभी राहिली, तर निम्म्या घरभर फुल्याच फुल्या.

मिस्त्रीने आल्या आल्या फुल्या पाहिल्या आणि त्याचा चेहरा उतरला. तरी म्हणून पाहिलं, "काकू, थोडंफार पोकळ सगळीकडेच वाजतं. चालताना काही कळत नाही."

"आमच्याकडे चालणारं कुणी नाही. चाकं फिरणार आहेत."

त्याने मग वाद घातला नाही. एक फरशी पहारीने उचलली. खाली चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे सिमेंटच्या मसाल्याचे गोळे, बाकी सगळी हवा. "पूर्ण मसाला पसरायला हवा होता," तो हळूच म्हणाला. "दुसरीकडचं काम अडलं होतं, घाई केली मी. खुर्चीचं वजन अशा पोकळ जागेवर आलं की फरशी फुटणार. खोटं नाही बोलत. पुन्हा बसवून देतो."

ती नणंदेकडे गेली आणि नवऱ्यासमोर बसून सगळं सांगितलं. नणंद कपाळावर हात मारून घेत म्हणाली, "अगं, अजून किती दिवस? तो रोज सकाळी दाराकडे तोंड करून बसतो."

नवऱ्याने डोळे मिचकावले. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला. "पोकळ... तर पोकळ. मी कुठे... नाचणारेय?"

तिघंही हसली. हसता हसता भिंगबाईचे डोळे भरून आले. "तुमचं चाक अडकून तुम्ही पडलात तर? मी एकटी कशी उचलू तुम्हाला?" त्यावर त्याने मान डोलावली. ते खरंच होतं.

दुसऱ्यांदा मिस्त्रीने मान मोडून काम केलं. दातेरी थापीने मसाला सगळीकडे सारखा ओढायचा, फरशी ठेवायची, दाबायची, मग एखादी पुन्हा उचलून तिला तिची पाठ दाखवायची. "बघा काकू, रिकामी जागा नाही." उखडताना काही फरश्या फुटल्या होत्या, त्यांच्या जागी नवीन खोकं आलं. सगळं वाळल्यावर तिने पुन्हा डाव घेतला. घरभर टक, टक, टक. एकही पोकळ नाही. तिने तिथूनच फोन केला. "सोमवारी आणते हो त्यांना."

नणंदेने त्याचे कपडे धुऊन, घडी घालून पिशवीत भरले. रविवारी सकाळी भिंगबाईने झोपायच्या खोलीची खिडकी उघडली, ऊन आत आलं, आणि तिची नजर अडली. पलंगाच्या बाजूच्या काही फरश्या वेगळ्या होत्या. बाकीच्यांहून जराशा पिवळट. नवीन खोक्यातल्या.

मिस्त्री हत्यारं न्यायला आला होता. त्याने वाकून पाहिलं, मग मान तिरकी करून पाहिलं. "हो, आहे फरक. माल वेगळ्या घाण्यातला, वेगळ्या वेळी भाजलेला दिसतोय. पण काकू, हे तर पलंगाखाली जाणार. कुणाला दिसतंय?"

"मला दिसतंय."

"काकांना येऊ द्या. पुढे कधीतरी बदलून देतो, मी कुठे पळून जातोय?"

"एकदा माणूस खोलीत निजला की कोण फोडतंय? आत्ताच करा."

त्याने थापीच्या मुठीने एक फरशी ठोकून पाहिली. "बसलीय मात्र भरीव," एवढंच म्हणाला. तिला ते ऐकू आलं, कळलंही. पण जन्मभर ज्या नजरेवर तिने भाकरी कमावली, ती नजर त्या पिवळट कोपऱ्यावरून हलायला तयार नव्हती. दुकानदार म्हणाला, पहिल्या घाण्यातला माल गोदामातून मागवावा लागेल, शुक्रवार उजाडेल.

तिने फोन केला तेव्हा नणंद वैतागली. "आता काय राहिलं?"

"फरशीचं थोडं राहिलंय, ताई." काय राहिलंय ते तिने सांगितलं नाही.

नणंदेने फोन भावाच्या कानाला लावला. "सो... सोमवार?" त्याने विचारलं.

"शनिवारी हो. नक्की. शब्द देते."

तो काहीतरी गंमत करेल म्हणून ती थांबून राहिली. "बरं," तो म्हणाला. बस, एवढंच.

शुक्रवारी दुपारी ती दुकानाच्या पायरीवर उभी होती. गोदामातून आलेली फरशी उन्हात धरून, घरून नेलेल्या तुकड्याशी ताडून बघत होती. तंतोतंत जुळत होती. मिस्त्री संध्याकाळीच बसवून देणार होता. तिला इतकं बरं वाटलं की दुकानदाराला म्हणाली, "उद्या आमचे हे घरी येणार आहेत." आणि तेवढ्यात फोन वाजला. खिडकीशी खुर्चीत बसल्या बसल्याच त्याला पुन्हा झटका आला होता. नणंद शेजाऱ्यांना हाका मारत बाहेर गेली आणि परत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्याला घरी आणता आलं नाही. झोपायची खोली उखडलेली होती, बाहेरच्या खोलीत पलंग, कपाट आणि फरश्यांची खोकी. शेवटचा निरोप बहिणीच्या दारातूनच द्यावा लागला.

जमलेल्या माणसांत मिस्त्रीही होता. फाटकापाशी हात बांधून उभा. नणंदेची नजर त्याच्यावर गेली आणि तिचा बांध फुटला. "तू कशाला आलास? तुझ्या त्या पोकळ कामापायी माझा भाऊ घराचं दार बघू शकला नाही!"

मिस्त्रीने मान खाली घातली. "चुकलंच माझं, आजी," तो म्हणाला. त्याने कुणाकडेही पाहिलं नाही, भिंगबाईकडे तर नाहीच.

गप्प राहणं सोपं होतं. माणसं हळहळत होती, कुणीतरी तिला धरून बसलं होतं, कुणी तिला काही विचारणार नव्हतं. पण ती उठली. "ताई, त्यांना बोलू नका. त्यांनी फरशी पक्की बसवून दिली होती. हे सोमवारीच येऊ शकले असते. मी थांबवलं."

"का?"

"रंग जुळत नव्हता."

नणंद तिच्याकडे बघत राहिली. ऐकू आलं नसल्यासारखं तिने विचारलं, "रंग?" आणि मग ती आत निघून गेली. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

काही दिवसांनी मिस्त्री दारात आला. फरश्या तशाच पडून होत्या. "काय करू, काकू?"

"बसवा."

त्याने बसवल्या. ती बाहेरच्या खोलीत बसून राहिली. काम झाल्यावर त्याने हाक मारली, तशी ती उठून दारात आली. ऊन आत आलं होतं. नवीन फरशी कुठे सुरू होते आणि जुनी कुठे संपते, ते तिला सांगता येईना. कितीही शोधलं तरी फरक सापडेना. भिंतीला धरून ती खाली बसली आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा ढसाढसा रडली. मिस्त्री थापी हातात धरून उभाच राहिला. मग त्याने स्वयंपाकघरातून पेलाभर पाणी आणून तिच्याजवळ ठेवलं आणि दार ओढून घेत निघून गेला.

घर आता एका सपाट मैदानासारखं झालं होतं. ती अजूनही उंबऱ्यांच्या जागी पाय उचलायची. नणंदेचा फोन नव्हता. हिने केला तरी ती उचलत नसे. नात्यातली माणसं दोघींना वेगवेगळी भेटून जायची आणि एकीचं नाव दुसरीपुढे काढायची नाहीत.

उन्हाळा सरत आला तेव्हा एका दुपारी दार वाजलं. नणंद उभी होती, रिक्षावाल्याच्या हातात पिशवी. त्याचे कपडे होते, धुतलेले, घडी घातलेले. "माझ्याकडे ठेवून काय करू?" ती म्हणाली. आत यायला उंबरा नव्हता. दुखऱ्या गुडघ्यांनी ती सरळ आत आली आणि खुर्चीवर बसली. फरशीकडे तिने मुद्दाम पाहिलं नाही.

भिंगबाईने चहा ठेवला. दोघी समोरासमोर बसल्या. कप पुढे सरकवत हिने विचारलं, "ताई, त्या दिवशी... माझ्याबद्दल काही बोलले का हो?"

नणंदेने कप खाली ठेवला. फटकळ बाई होती. मनात आणलं असतं तर टोचणारं बोलली असती, मनात आणलं असतं तर गोडही बोलली असती. "नाही," ती म्हणाली. "चहा गार झालाय म्हणाला. मी गरम करायला गेले, तर शेजारचं मांजर आलं, त्याला हसत होता. बाकी काही नाही."

भिंगबाईने मान हलवली. डोळे पुसले नाहीत.

"माझा राग गेलेला नाही," नणंद म्हणाली. "जाईल असं वाटतही नाही. पण त्याच्याबद्दल बोलायला मला तरी दुसरं कोण आहे?"

निघताना भिंगबाई तिला हात धरून रिक्षापर्यंत घेऊन गेली. त्यानंतर रोज दिवेलागणीला फोन वाजू लागला. बोलणं फार नसायचं. जेवलीस का, गुडघा कसा आहे, पाणी आलं का. मग दोघी थोडा वेळ फोन कानाला लावून नुसत्याच बसायच्या, आणि नणंद म्हणायची, "बरं, ठेवते."