गावंडेकाकांचं अपेंडिक्स

गावंडेकाका रुग्णाची काचपट्टी कधीच आधी पाहत नसत. सूक्ष्मदर्शकाखाली पहिला मान अपेंडिक्सच्या पट्टीचा. अमरावतीच्या त्या लहानशा लॅबमध्ये मी काकांच्या हाताखाली नवी लागले, तेव्हा मला हे खूळच वाटलं. "अपेंडिक्स बिनकामाचं असते म्हन्तात ना? माह्या इथं थेच मास्तर हाय," काका म्हणत.

कारण साधं होतं. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या काही पेशींत एक विशिष्ट प्रथिन सापडतं. ते असेल तर रुग्णाला गोळ्यांचं औषध देता येतं. आमच्या तपासणीत ते तपकिरी दिसतं. अपेंडिक्सच्या काही पेशींत हेच प्रथिन मुळातच असतं, म्हणून त्याचाही एक काप सोबत रंगवायचा. तो रंगला, तरच तपासणी खरी.

घरातली मी पहिली पदवीधर, अकोल्याजवळच्या खेड्यातली. पाठांतर माझं पक्कं होतं. एकदा मोर्शीच्या एका बाईंचा नमुना आला. छातीतल्या पाण्यातून मिळालेल्या मोजक्या पेशी, मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या. त्यांचे यजमान बाहेर बाकावर बसून होते. पट्टीवर तपकिरी काहीच दिसेना. मी रजिस्टरमध्ये 'निगेटिव्ह' लिहिलं आणि रिपोर्ट डॉक्टरांच्या सहीला न्यायला उठले.

"काहून वं पोरी, मास्तरले इचारलं का?"

काकांनी अपेंडिक्सची पट्टी लावली आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"हे बी कोरंच हाय. बाई निगेटिव्ह नाई, आपन नापास हाओ."

रंगवण्याआधी पट्ट्या प्रेशर कुकरमध्ये उकळाव्या लागतात, नाहीतर पेशींवर रंग चढत नाही. कुकरची रिंग ढिली झाली होती, वाफ कडेनं निसटली होती, आणि मी शिट्टीकडे लक्ष न देता नुसतं घड्याळ पाहत बसले होते. ठोकळ्यात आता जेमतेम एका कापापुरत्या पेशी उरल्या होत्या.

काप काकांनी घेतला. मग स्कूटरवर घरी जाऊन घरच्या कुकरची रिंग काढून आणली. "तुही काकू म्हन्ते, आज त्या पोरीलेच जेवाले आन. कच्चं वरन खाऊ घालतो तिले."

संध्याकाळी अपेंडिक्स रंगलं. मग बाईंची पट्टी काकांनी मला पाहायला लावली. पेशी न् पेशी तपकिरी! मला रडू फुटलं.

"रडतं काहून? रजिस्टर दुरुस्त कर आधी. गिरवू नोको, एक रेघ मार अन् बाजूले सही कर. चूक दिसली पायजे."

काही महिन्यांनी त्या बाई स्वतः जिना चढून आल्या. यजमानांच्या हातात संत्र्यांची पिशवी. ते वाकायला लागले, तसे काका मागे सरकले. "आमी काई नाई केलं जी. होतं थे दिसलं फक्त."

यंदा काका निवृत्त होऊन अकोल्याला लेकीकडे गेले. अपेंडिक्सच्या ठोकळ्यांचा डबा माझ्याकडे आहे. परवा ऐन कामात त्यांचा फोन आला.

"मास्तर काय म्हन्ते?"

"रंगलं, काका."

"मंग पाय आता पुढची."