औषधनिर्मात्यांना पाणी नामंजूर

लातूर जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सरकारी दवाखान्यांतल्या औषधनिर्मात्यांचा अर्ज उद्योगखात्याकडे गेला. तिथं तो तीन आठवडे होता.

मी तेव्हा धर्माबादहून बदलून अहमदपूरच्या दवाखान्यात आलो होतो. आमच्या नव्या जिल्हा संघटनेचा चिटणीस मीच, त्यामुळे अर्जही माझ्याच अक्षरात होता. मागणी एकच: औषधखरेदीच्या जिल्हा समितीवर आमचा एक माणूस घ्यावा. आदल्या उन्हाळ्यात, जिल्हा वेगळा होण्याआधी, जुन्या जिल्ह्याच्या समितीनं आम्हाला न विचारता यादी केली होती. विहिरींनी तळ गाठला, गावोगाव जुलाब-उलट्या सुरू झाल्या, आणि आमच्या कपाटात खोकल्याच्या बाटल्या भरलेल्या. सलाइन नव्हतं. लोक भांडायला आमच्या खिडकीशी यायचे. समितीला खिडकी नव्हती.

अर्जाला उत्तर आलं: ‘टंचाई परिस्थितीमुळे नवीन कारखान्यास पाणी मंजूर करता येत नाही. भूखंडासाठी स्वतंत्र अर्ज करावा.’

संघटनेचे अध्यक्ष उदगीरचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. ते पत्र घेऊन आम्ही दोघं लातूरच्या जिल्हा कचेरीत गेलो. टपालाच्या टेबलावरच्या कारकुनानं ते उलटंपालटं करून पाहिलं.

“कारखाना कुठं टाकायलात, मामा?”

“कारखाना न्हाई, बाबा. आम्ही दवाखान्यात औषधं देतो.”

“मग निर्माता कशाला लिहिलं? निर्माता म्हंजे तयार करणारा.”

“आम्ही न्हाई लिहिलं. सरकारनंच नेमणुकीच्या हुकमात लिहिलंय.”

“सरकारचं ऱ्हाऊ द्या. कंपाउंडर लिहा. आत्ता साहेबांच्या टेबलावर ठेवतो.”

अध्यक्षांनी पत्राची घडी घातली. “कंपाउंडर मी लिहिणार न्हाई.”

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना म्हणालो, “समितीची बैठक तोंडावर आलीय. एवढ्यापुरतं लिहू.”

“लिही की. तुला लई घाई हाय. मग जन्मभर तेच लिहीत बस.”

मी त्यांच्यावर चिडलो, कारकुनावर चिडलो, आणि ज्यानं कुणी हा शब्द पहिल्यांदा घडवला त्याच्यावरही. शेवटी ‘औषधनिर्माता’ हाच शब्द ठेवून, खाली ‘कारखाना नाही’ असं अधोरेखित करून नवा अर्ज लिहिला. कारकुनानं तो ट्रेमध्ये टाकला.

समितीची बैठक गुरुवारी झाली. आमच्या अर्जाला आवक क्रमांक शुक्रवारी पडला.